फ्लोअर फलाची चिकित्सा : एक्सएसएलटी या रूपांतर-भाषेतील खालच्या पूर्णांकाचा प्रश्न

प्रस्तावना

शंभरपैकी सत्तावन्न गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची टक्केवारी किती, हा प्रश्न प्राथमिक शाळेतही कोणी विचारणार नाही. तथापि काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात एका परीक्षेच्या गुणपत्रकांचा गठ्ठा आला आणि त्यातील अशा एका विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘५६ टक्के’ असे छापलेले होते. गुणांची नोंद बरोबर होती. बेरीज बरोबर होती. उत्तरपत्रिका काढून पाहिली तीही बरोबर होती. चूक कोठे झाली याचा शोध घेताना सर्वांनी नोंदवही पाहिली, नोंदणी करणाऱ्या लिपिकाला विचारले, मूळ माहितीची फाइल उघडली; परंतु ती माहिती ज्या स्टाइलशीटमधून जाऊन कागदावर उतरत होती ते स्टाइलशीट मात्र कोणी उघडले नाही. स्टाइलशीट म्हणजे रंग, समास, अक्षराचा आकार, ही समजूत त्यामागे होती. दोष तेथेच होता. टक्केवारीतील दशांश भाग काढून टाकण्यासाठी तेथे ‘फ्लोअर’ हे फल वापरलेले होते.

एक्सएमएल रूपातील माहितीचे दुसऱ्या रूपात, बहुधा वाचनीय पृष्ठात, रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेतील ह्या एका फलाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. एवढ्या लहान विषयावर लेख लिहिण्याचे कारण इतकेच की संख्या खाली उतरवणे हा सजावटीचा भाग नसून तो एक निर्णय आहे. आणि ह्या भाषेने तो निर्णय सजावटीच्या खोलीत, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी ठेवला आहे.

फलाची घडण

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिचे संपादक जेम्स क्लार्क होते. त्याच दिवशी एक्सपाथ ह्या जोडभाषेचीही शिफारस प्रसिद्ध झाली. तिचे संपादन क्लार्क आणि स्टीव्ह डीरोझ यांनी केले. कागदपत्रातील घटक निवडणे आणि त्यांवर आकडेमोड करणे हे काम एक्सपाथकडे असल्याने संख्यांसंबंधीची फले तिच्यातच आहेत. ती अवघी पाच आहेत : मजकुराची संख्या करणारे ‘नंबर’, बेरीज करणारे ‘सम’, आणि ‘फ्लोअर’, ‘सीलिंग’ व ‘राउंड’ ही तीन.

फ्लोअर फलाची व्याख्या निर्दोष आहे. दिलेल्या संख्येपेक्षा मोठी नसलेली सर्वांत मोठी पूर्णांक संख्या ते परत देते. गणितात ही कल्पना जुनी आहे. गाउसने १८०८ मध्ये तिच्यासाठी चौकटी कंस वापरला आणि केनेथ आयव्हरसनने १९६२ मध्ये आपल्या प्रोग्रामिंगविषयक ग्रंथात फ्लोअर व सीलिंग ही नावे व त्यांची अर्धकंसासारखी चिन्हे रूढ केली. जमीन आणि छत ही रूपके समर्पक आहेत. ३.९९ ही संख्या छताला जवळजवळ टेकलेली असली तरी ती ज्या जमिनीवर उभी आहे ती ३ चीच.

मराठी व्यवहारात ह्या कल्पनेला स्वतंत्र पारिभाषिक शब्द नाही. परंतु कल्पना परकी नाही. ‘अठरा वर्षे पूर्ण’ असे आपण म्हणतो तेव्हा आपण फ्लोअर हेच फल वापरत असतो. सतरा वर्षे, अकरा महिने आणि एकोणतीस दिवस झालेल्या मुलाला कायदा अठरा वर्षांचा मानत नाही. येथे जवळची संख्या कोणती हे विचारायचे नसते. किती एकके भरली, एवढेच विचारायचे असते.

एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत तारखांसाठी स्वतंत्र प्रकारच नव्हता. त्यामुळे वय काढण्याची एक युक्ती वापरात होती. वर्ष, महिना व दिवस सलग लिहून आठ अंकी संख्या करावयाची, आजच्या संख्येतून जन्मतारखेची संख्या वजा करावयाची, दहा हजारांनी भागावयाचे आणि फ्लोअर घ्यावयाचा. ११ मार्च २००६ रोजी जन्मलेल्या व्यक्तीचे १० मार्च २०२४ रोजीचे वय काढताना २०२४०३१० मधून २००६०३११ वजा केल्यास १७९९९९ उरतात, भागाकार १७.९९९९ येतो आणि फ्लोअर १७ देतो. दुसऱ्या दिवशी वजाबाकी बरोबर १८०००० येते व उत्तर १८ होते. ‘राउंड’ वापरला असता तर ही व्यक्ती सत्तर दिवस आधीच सज्ञान झाली असती. यादीचे स्तंभ पाडणे हेही असेच काम आहे. तेवीस नावे आठ-आठच्या स्तंभांत मांडताना सतराव्या नावाच्या क्रमांकातून एक वजा करून आठाने भागले की दोन येतात, म्हणजे त्याच्याआधी दोन स्तंभ भरलेले आहेत. अशा ठिकाणी हे फल चोख काम करते, आणि भाषेच्या रचनाकारांच्या डोळ्यांसमोर बहुधा असेच उपयोग असावेत. ही सर्वसाधारण रूपांतराची भाषा नसून एक्सएसएल ह्या मांडणी-पद्धतीचा भाग म्हणून लागणाऱ्या रूपांतरांसाठी ती प्रामुख्याने घडवली आहे, असे पहिल्या शिफारशीतच नमूद आहे. टीका करताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल.

सत्तावन्नाचे छप्पन्न

परंतु भाषा जेथे घडते तेथेच राहत नाही. एक्सएसएलटी देयके, गुणपत्रके, वेतनपत्रके आणि कराची विवरणपत्रे यांपर्यंत पोहोचली. आणि तेथे फ्लोअरकडे भरलेली एकके मोजण्याऐवजी नको असलेले दशांश कापण्याचे काम आले. हे वरवर एकच काम दिसते, वस्तुतः ती दोन कामे आहेत. पहिल्यात अपूर्ण भाग अस्तित्वात असतो आणि तो मोजावयाचा नसतो. दुसऱ्यात अपूर्ण भाग पुष्कळदा अस्तित्वातच नसतो. तो यंत्राने निर्माण केलेला असतो.

प्रस्तावनेतील विद्यार्थ्याचे असे झाले होते. एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीत संख्येचा प्रकार एकच : आयईईई ७५४ ह्या मानकातील चौसष्ट बिटांची दुहेरी अचूकतेची संख्या. ती द्विमान पद्धतीत साठवली जाते. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश ही संख्या जशी दशांशात कधीच संपत नाही, तसे द्विमान पद्धतीत ०.५७ चे होते. ती साठवताना सर्वांत जवळची साठवता येण्याजोगी संख्या घ्यावी लागते आणि ती ०.५७ हून किंचित कमी असते. गुणपत्रकाच्या स्टाइलशीटमध्ये गुणांना आधी शंभराने भागले होते व मग शंभराने गुणले होते. गुणाकार ५७ न येता ५६.९९९९९९९९९९९९९९ येतो. फ्लोअरच्या व्याख्येप्रमाणे ह्या संख्येचे उत्तर ५६ हेच आहे. फलाने कोणतीही चूक केलेली नाही. त्याच्या हाती आलेली संख्या विद्यार्थ्याची नव्हती.

ह्या दोषाचे स्वरूप अधिक तपशिलाने पाहणे उद्बोधक आहे. शून्य ते शंभर ह्या एकशे एक पूर्णांक गुणांपैकी वरील रीतीने फ्लोअर घेतल्यास अठ्ठ्याण्णव वेळा उत्तर बरोबर येते. केवळ २९, ५७ आणि ५८ ह्या तीन संख्यांचे उत्तर एकाने कमी येते. पन्नासपैकी २९ गुण मिळवणाराही ह्याच सापळ्यात सापडतो, कारण त्याचा भागाकार ०.५८ असतो व त्याच्या कागदावर ५७ टक्के छापले जातात. ज्या संगणकतज्ज्ञाने हे स्टाइलशीट लिहिले त्याने ४०, ५०, ६०, ७५ अशा संख्या घालून तपासणी केली असणार; कोणीही तशीच केली असती. दर वेळी चुकणारे साधन पहिल्याच दिवशी टाकून दिले जाते. शंभरात तीन वेळा चुकणारे साधन वर्षानुवर्षे वापरात राहते आणि ज्याच्या वाट्याला ती चूक येते त्याच्या तक्रारीवर कोणाचा विश्वास बसत नाही.

उपाय साधा आहे. आधी शंभराने गुणावे, मग भागावे. ५७ गुणिले १०० म्हणजे ५७०० ही पूर्णांक संख्या अचूक साठवली जाते व भागाकारही ५७ च येतो. पण दोन गणिती दृष्ट्या समान पदावल्यांपैकी एक बरोबर आणि दुसरी चूक ठरणे, ही बाब भाषेच्या वापरकर्त्याला भाषेने कोठे सांगितली ? पैशाच्या बाबतीत तर ही पळवाटही उरत नाही. १९.९९ रुपये ही किंमत मुळातच दशांशात येते. दोन दशांशांपर्यंत खाली उतरवण्यासाठी भाषेत फल नाही; म्हणून सर्व जण शंभराने गुणून, फ्लोअर घेऊन, पुन्हा शंभराने भागतात. १९.९९ ला शंभराने गुणल्यावर १९९८.९९९९९९९९९९९९८ मिळतात आणि किंमत १९.९८ होते. जी संख्या आधीच दोन दशांशांची होती, जिच्यातून कापण्यासारखे काहीही नव्हते, तिच्यातून एक पैसा गेला.

एक पैसा ही चर्चेला योग्य रक्कम नाही असे कोणी म्हणेल. त्याला व्हँकुव्हर शेअर बाजाराचे उदाहरण देता येईल. त्या बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० ह्या पायावर नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर निर्देशांक नव्याने काढला जाई व तीन दशांशांनंतरचे अंक छाटून टाकले जात. प्रत्येक छाटणीत सरासरी अर्धा सहस्रांश जात होता आणि दिवसाला सुमारे तीन हजार वेळा छाटणी होत होती. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ वर उभा होता. दुरुस्ती केल्यावर तो १०९८.८९२ झाला. बाजार चढत असताना त्याचा आकडा बावीस महिने उतरत राहिला. तो हिशेब स्टाइलशीटमध्ये झाला नव्हता, कारण स्टाइलशीट ही कल्पनाच त्या वेळी ह्या रूपात नव्हती. परंतु कार्यपद्धती तीच आहे. जवळच्या पूर्णांकाकडे जाताना चूक कधी वर, कधी खाली जाते व पुष्कळ अंशी परस्परांना खाऊन टाकते. खाली उतरवताना ती नेहमी एकाच बाजूला साचते.

खाली म्हणजे कोठे ?

‘खाली’ हा शब्द मराठीत जितका निःशंक वाटतो तितका तो नाही. धन संख्यांच्या बाबतीत खाली उतरणे आणि शून्याकडे जाणे ही एकच गोष्ट असते. ऋण संख्यांच्या बाबतीत त्या दोन दिशा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. फ्लोअर ऋण अनंताकडे जातो, म्हणून वजा १९.५० चे उत्तर वजा २० येते. एखाद्या दुकानाच्या देयकात १९.५० ची वस्तू फ्लोअरने १९ रुपयांना गेली आणि ती परत आल्यावर परतीची नोंद वजा १९.५० अशी झाली, तर त्याच स्टाइलशीटने ग्राहकाला २० रुपये परत मिळतात. पैसे सोडून देण्याची उदारता परतीच्या वेळी अशी अंगावर येते.

येथे भाषेच्या रचनेतील एक विसंगती दाखवली पाहिजे. एक्सपाथमध्ये भागाकाराची बाकी काढण्यासाठी ‘मॉड’ हा संकारक आहे आणि त्याच्या उत्तराचे चिन्ह भाज्याच्या चिन्हाप्रमाणे असते. म्हणजे मॉड हा शून्याकडे छाटणाऱ्या भागाकाराशी सुसंगत आहे. फ्लोअर मात्र तसा नाही. पहिल्या आवृत्तीत पूर्णांकी भागाकारासाठी फ्लोअरखेरीज दुसरा मार्ग नसल्याने लेखक दोन्ही एकत्र वापरत आणि ऋण संख्या आली की हिशेब मोडत असे. न्यूफाउंडलंडची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेतीन तास मागे आहे, म्हणजे वजा २१० मिनिटे. साठाने भागून फ्लोअर घेतल्यास वजा ४ तास येतात, मॉडने वजा ३० मिनिटे येतात, आणि पृष्ठावर साडेचार तासांचे अंतर छापले जाते. भागाकार आणि बाकी ही एकाच क्रियेची दोन अंगे आहेत. ती दोन निरनिराळ्या तत्त्वांवर उभी करून एकाच भाषेत शेजारी ठेवणे, ही प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या भाषेच्या अंकगणितातील सर्वांत अक्षम्य गोष्ट आहे. द्विमान साठवणुकीचा दोष यंत्राचा म्हणता येतो. हा दोष निवडीचा आहे.

ह्याखेरीज एक किरकोळ परंतु त्रासदायक बाब. संख्या नसलेल्या मजकुराचा फ्लोअर घेतल्यास पहिल्या आवृत्तीत ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, असे उत्तर येते आणि काम न थांबता तीच अक्षरे पृष्ठावर छापली जातात. रिकामा घटक, अधिक चिन्ह लावलेली संख्या, आपल्याकडील स्वल्पविराम घातलेली ‘१,२५,०००’ सारखी रक्कम, सर्वांची गत तीच. देवनागरी अंकांची कथा तर अधिक विलक्षण आहे. ‘डेसिमल-फॉरमॅट’ ह्या घटकात शून्याचे चिन्ह म्हणून ‘०’ दिल्यास ही भाषा उत्तरे देवनागरी अंकांत लिहू शकते. परंतु स्वतःच लिहिलेले ते अंक तिला परत वाचता येत नाहीत. ‘ट्रान्सलेट’ फलाने एकेक अंक रोमन रूपात बदलून दिल्याशिवाय मराठी पृष्ठावरील ‘१२.५’ ही तिच्या दृष्टीने संख्याच नसते.

२००७ ची दुरुस्ती व तिची उणीव

दुसरी आवृत्ती २३ जानेवारी २००७ रोजी मायकेल के यांच्या संपादनाखाली शिफारस म्हणून आली. वरीलपैकी अनेक तक्रारींची दखल तीत घेतलेली आहे. दशमान पद्धतीने अचूक हिशेब करणारा ‘डेसिमल’ हा प्रकार आला. शून्याकडे छाटणारा ‘आयडिव्ह’ हा पूर्णांकी भागाकार आला व तो मॉडशी सुसंगत आहे. न्यूफाउंडलंडचे अंतर त्याने बरोबर वजा ३ तास ३० मिनिटे येते. अर्ध्यावरची संख्या सम अंकाकडे नेणारे स्वतंत्र फलही मिळाले. स्टाइलशीटमध्ये १९.९९ असे लिहिले तर ती संख्या डेसिमल मानली जाते, शंभराने गुणल्यावर बरोबर १९९९ होते आणि फ्लोअर तिला धक्का लावत नाही.

ही सुधारणा वाचून समाधान वाटते. परंतु ते फार काळ टिकत नाही. स्टाइलशीटमध्ये किंमत कोण लिहितो ? किंमत मूळ कागदपत्रात असते. त्या कागदपत्राला प्रकार सांगणारी रूपरेषा जोडलेली नसेल, आणि व्यवहारात ती बहुधा जोडलेली नसते, तर त्यातील मजकूर प्रकारविरहित मानला जातो आणि प्रकारविरहित मजकूर आकडेमोडीत आला की नियमानुसार त्याची दुहेरी अचूकतेची द्विमान संख्याच केली जाते. म्हणजे उदाहरणादाखल लिहिलेली पदावली बरोबर उत्तर देते आणि तीच पदावली प्रत्यक्ष माहितीवर चालवली की सत्तावन्नाचे पुन्हा छप्पन्न होतात. घटकाच्या नावाभोवती डेसिमलचे रूपांतरण स्वतः लिहिले तरच नव्या अचूकतेचा लाभ मिळतो. जुन्या स्टाइलशीटांशी जुळवून घेण्याची गरज ह्या निर्णयामागे असावी असे मानले तरी त्याचा परिणाम असा की औषध कपाटात आहे आणि रोग्याला त्याचा पत्ता नाही.

दुसरी आवृत्ती आल्याने एक जुनी युक्ती मात्र घातक झाली. शून्याकडे छाटण्याचे साधन नसल्याने काही लेखक संख्येचे अक्षरांत रूपांतर करून दशांश चिन्हाआधीचा भाग तेवढा उचलत. पहिल्या आवृत्तीत हे चालत असे, कारण तेथे संख्या घातांकाच्या रूपात कधी लिहिली जात नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत दहा लाख वा त्याहून मोठी द्विमान संख्या अक्षरांत आणली की ती घातांकी रूप घेते. आकडेमोडीतून आलेले साडेबारा लाख रुपये आणि पन्नास पैसे हे ‘१.२५००००५ई६’ असे लिहिले जातात आणि दशांश चिन्हाआधीचा भाग उरतो फक्त १.

दिसणे आणि असणे

आतापर्यंतची चर्चा अचूकतेची झाली. अचूकता पूर्ण साधली तरी एक प्रश्न उरतो आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. खाली उतरवण्याचा निर्णय कोणाचा, आणि तो कोठे घ्यावयाचा ?

बाजारात भाजीवाली ‘वरचे पैसे राहू द्या’ म्हणते तेव्हा तीही फ्लोअरच घेत असते. परंतु तिला किती पैसे सोडले ते ठाऊक असते, गिऱ्हाइकाला ठाऊक असते, आणि सोडणारी व्यक्ती ज्याचे नुकसान होते तीच असते. स्टाइलशीटमधील फ्लोअरमध्ये ह्या तिन्ही गोष्टी नसतात. मूळ माहितीत ६२.०५ असतात, कागदावर ६२ दिसतात. वाचणाऱ्याला मूळ संख्या दिसत नाही आणि माहिती राखणाऱ्याला कागद दिसत नाही.

ओळींच्या बेरजेत हे सर्वांत लवकर उघडे पडते. १०.७५, २०.५० आणि ३०.८० ह्या तीन रकमा फ्लोअरने १०, २० व ३० अशा छापल्या आणि खाली एकूण रकमेचा फ्लोअर छापला, तर तो ६२ येतो. वाचक मात्र स्तंभाची बेरीज करून ६० काढतो. दोन्ही बरोबर आहेत व कागद खोटा आहे. पहिल्या आवृत्तीत ‘सम’ फल केवळ मूळ घटकांचीच बेरीज करू शकत असल्याने उतरवलेल्या संख्यांची बेरीज करण्यासाठी स्वतःला पुनःपुन्हा हाक मारणारा साचा लिहावा लागे. दुसऱ्या आवृत्तीत ते एका ओळीत होते. तरीही दोहोंपैकी कोणती बेरीज छापावी, याचे उत्तर भाषा देऊ शकत नाही. ते हिशेबाच्या नियमात असावयास हवे.

असे नियम असतात, आणि ते बारकाईने लिहिलेले असतात. आपल्याकडील १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २८८अ याचे चांगले उदाहरण आहे. एकूण उत्पन्न दहा रुपयांच्या जवळच्या पटीत आणण्याची तरतूद त्यात होती, पण त्याआधी रुपयाचा पैशांतील भाग सोडून द्यावा असे सांगितले होते. म्हणजे आधी फ्लोअर, मग राउंड. उत्पन्न ५,००,००४.९९ असेल तर पैसे सोडून ५,००,००४ आणि मग ५,००,००० होतात. पहिल्या पायरीवर कोणी फ्लोअरऐवजी राउंड वापरला तर ५,००,००५ होतात व दुसऱ्या पायरीवर तेच ५,००,०१० होतात. याउलट २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १७० पन्नास पैसे वा अधिक असल्यास रुपया पुढे न्यावा आणि कमी असल्यास सोडावा असे सांगते. तेथे फ्लोअरला जागाच नाही. आयकराची विवरणपत्रे २०२१ पर्यंत एक्सएमएल रूपातच भरली जात होती, तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून दूरचा मुळीच नव्हता. विधिमंडळ ज्या शब्दांवर विचार करून मत देते, त्याच आशयाचा निर्णय स्टाइलशीटच्या चाळिसाव्या ओळीत एक व्यक्ती दशांश बरे दिसत नाहीत म्हणून घेते.

येथे ‘फॉरमॅट-नंबर’ ह्या फलाचाही उल्लेख आवश्यक आहे, कारण फ्लोअरची जागा पुष्कळदा तेच नकळत घेते. ते संख्या केवळ छापण्यायोग्य करते असा समज आहे. वस्तुतः ते तिचे मूल्य बदलते. १९.९९९ ला दोन दशांशांचा नमुना दिल्यास २०.०० छापले जातात. त्याने अर्धी संख्या कोणीकडे न्यावी याबद्दल पहिली आवृत्ती मौन होती. तिने नमुन्यांचे नियम जावा भाषेच्या जेडीके १.१ मधील दशांश-मांडणीवरून घेतले होते. दुसऱ्या आवृत्तीने ती सम अंकाकडे न्यावी असे ठरवले. ‘राउंड’ मात्र पूर्वीप्रमाणे अर्धी संख्या वरच नेतो. म्हणून एकाच भाषेत २.५ चे एका फलाने ३ आणि दुसऱ्याने २ होतात. ज्या फलाच्या नावात मूल्य बदलण्याचा उल्लेखही नाही त्याने ते बदलावे, ह्यापेक्षा फ्लोअर बरा. तो निदान आपले नाव सांगून काम करतो.

पुढील आवृत्त्या

२०१४ मध्ये एक्सपाथच्या ३.० आवृत्तीने ‘राउंड’ला किती दशांशांपर्यंत हे सांगण्याची सोय दिली. जून २०१७ मध्ये एक्सएसएलटी ३.० शिफारस झाली. फ्लोअरला मात्र ती सोय मिळाली नाही. दोन दशांशांवर खाली उतरवावयाचे असेल तर शंभराने गुणण्याची व भागण्याची कसरत तिसऱ्या आवृत्तीतही तशीच आहे. चौथ्या आवृत्तीच्या मसुद्यात ‘राउंड’ला तिसरा घटक जोडलेला असून त्यात दिशा शब्दांनी सांगावयाची आहे : ऋण अनंताकडे, धन अनंताकडे, शून्याकडे, शून्यापासून दूर, आणि अर्ध्या संख्येसाठीचे निरनिराळे पर्याय. खाली उतरवणे हा निर्णय आहे, त्याला दिशा आहे आणि ती लिहून ठेवावयाची असते, हे ह्या रचनेत प्रथमच मान्य झालेले दिसते.

मात्र मसुदा हा मसुदाच असतो. सर्व्हरवर सर्रास आढळणारे लिबएक्सएसएलटी हे साधन १९९९ च्या पहिल्या आवृत्तीचे आहे, आणि ब्राउझरांनी स्वतः होऊन पुरवलेला आधारही कधी त्या आवृत्तीच्या पुढे गेला नाही. त्या साधनांवर ५७ ला शंभराने भागून, शंभराने गुणून फ्लोअर घेतल्यास उत्तर ५६ येते.